भाऊसाहेबांची जिलबी

शाळेला पायी जाणाऱ्या मुलींना सायकली वाटून भाऊसाहेब ढमाले पंचक्रोशीत दानशूर म्हणून गाजले. सायकल मात्र एकच होती. ती एका मुलीच्या हाती द्यायची, फोटो काढायचा, की तीच पुढच्या मुलीला. "बाकीच्या मागून येताहेत," असं सांगून भाऊसाहेब ती एक सायकलही टेम्पोत घालून घेऊन गेले.

महिला मंडळाच्या द्वारकाबाईंची नात अजून पायीच शाळेला जात होती. बाईंनी मग भाऊसाहेबांचा सत्कारच ठरवला, तोही जेवणासकट.

पंगतीत बाईंनी मोठ्या आग्रहानं भाऊसाहेबांना एक जिलबी वाढली. फोटो निघाला. भाऊसाहेब ती उचलणार, तोच बाईंनी ती काढून घेतली आणि पुन्हा वाढली. पुन्हा फोटो. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी ती जिलबी परातीत परत गेली.

"अहो, ही काय थट्टा लावलीय?" भाऊसाहेब कडाडले. "जिलब्या आहेत तरी कुठं?"

"मागून येताहेत की," द्वारकाबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुम्ही दिलेल्या सायकलींवरून मुली घेऊन निघाल्यात."