रांजणातले विरजण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नाव सांगणारेही आता कुणी उरले नाही.

मुरमाड माळावरचे ते गाव, पण तिथल्या वांग्या-दोडक्यांना थेट राजवाड्यातून बोलावणे असे. सगळी करामत एका माळ्याच्या रांजणातल्या आंबवलेल्या खताची. शेण, गोमूत्र, थोडा गूळ, मूठभर डाळीचे पीठ घालायचे आणि रोज दोनदा ढवळायचे. संपत आले की तळाशी तांब्याभर राखून त्यावर नवे कालवायचे, दह्याला विरजण ठेवतो ना, तसेच. उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटत, घरोघरचे खताचे माठ वाळून जात. माळ्याच्या विहिरीला मात्र बारमाही पाणी. म्हणून लागवडीच्या तोंडावर सारे गाव तांब्या घेऊन त्याच्या दारी येई.

शेवटच्या घडीला आई त्याला म्हणाली होती, "बाळा, रांजण कधी रिता करू नकोस, अन् दारी आलेला तांब्या रिता धाडू नकोस." माळ्याने पहिले तेवढे ध्यानात ठेवले.

एके वर्षी त्याच्या मनात आले, सगळ्यांचीच वांगी चांगली, मग माझ्या वांग्यांचे कौतुक ते काय? तेवढ्यात शेजारची म्हातारी तांब्या घेऊन आली.

"यंदा जमायचं नाही, मावशी."

"अरे, तुझ्या आईनं कधी नाही म्हटलं नाही रे."

"आई गेली. आता रांजण माझा आहे."

म्हातारीने तांब्या पदराखाली झाकला आणि ती परत फिरली. तिचे ऐकून बाकीचे आलेच नाहीत. तरी माळ्याला चोरीची धास्ती! आई रांजणावर नुसते गोणपाट टाकायची. याने दगडी झाकण बसवले, कडा चिखलाने घट्ट लिंपल्या आणि चार दिवसांसाठी तो राजवाड्यात भाजी पोचवायला गेला.

परतला तर रांजण फुटून पडलेला. आंबत्या खताला श्वास लागतो, तो न मिळाल्याने रांजण आतल्या आत फुगून दुभंगला होता. खत उतारावरून वाहून गेले होते आणि खापरांना लागलेले उन्हाने करपून गेले होते.

माळी धावत म्हातारीकडे गेला. "मावशी, तांब्याभर दे गं."

तिने त्याला परसात नेले. तिच्या माठात कोळ्याने जाळे विणले होते.

"तू दिलं असतंस, तर आज तुला दिलं असतं रे, सोन्या," असे म्हणून ती रडू लागली. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

माळी घरोघर फिरला. प्रत्येक घरचा माठ कोरडा होता.

आईच्या आईपासून चालत आलेले विरजण होते ते, पुन्हा जमले नाही. नवे कालवलेले नुसते सडे. वाफे पिवळे पडले आणि एकेक घर गाव सोडून गेले. जाताना म्हातारीने तेवढा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मागे उरलेला माळी मरेपर्यंत रोज दोनदा नव्या रांजणात काठी फिरवत राहिला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ध्यानात ठेवा: आपण दुसऱ्याला दिलेले असते, तेच आपले संपल्यावर कुणाच्या तरी घरी शिल्लक सापडते.