निळीचा रांजण आणि टिटवीच्या तीन अटी

एका राज्यात एके दिवशी वारा साफ पडला होता, आभाळ जुन्या तांब्याच्या परातीसारखं काळवंडलं होतं, आणि पाऊस काही येत नव्हता. असं आभाळ दिसलं की नदीकाठची माणसं धसका घेत. कारण त्या नदीला शाप होता. एका साली ती घरांत शिरे, दुसऱ्या साली घोटभर पाणी देत नसे.

शाप दिला होता डोहात राहणाऱ्या जादूगारानं. काठावरचे रंगारी वापरलेला रंग नदीत ओतत. नदीला रंग आवडतो अशी त्यांची समजूत. ओतताना वर हळदकुंकूही वाहत. त्या रंगानं जादूगाराची पांढरीशुभ्र दाढी निळी झाली, ती काही केल्या निघेना. राजानं विनवणीला तीन प्रधान पाठवले. तिघेही निळ्या दाढ्या घेऊन परतले. मग राजा म्हणाला, "शाप रंगाऱ्यांनी ओढवला. उतरवावाही त्यांनीच."

त्या रंगाऱ्यांत हैबती म्हणून एक म्हातारा होता. त्याच्या अंगणात जमिनीत पुरलेला निळीचा रांजण होता. नीळ जिवंत असते. तिला गूळ-चुना घालावा, ऊब द्यावी. आबाळ झाली की ती मरते. पणजोबांनी लावलेला हा रांजण चार पिढ्या जिवंत होता. त्यातल्या घागरभर पाण्यावर नवा रांजण लागतो, म्हणून ते लेकीलाही द्यायचं नाही, ही घराची रीत. मागचा पूर उंबऱ्याशी थांबला होता. पुढचा थांबणार नाही, हे हैबतीला कळत होतं.

त्या दिवशी तो काठावर बसला होता, तेव्हा टिटवी बोलली.

"रंगाऱ्या, शाप उतरायला तीन गोष्टी करशील?"

"सांग, बाई."

"माझी अंडी यंदा जिथं आहेत, तिथवर तुझं काम ने. तुझं सांडपाणी मला पिता येईल इतकं निवळ कर. तिसरी गोष्ट मग सांगेन."

अंडी होती उंच माळावर. हैबतीनं तिथं छप्पर घातलं, लहान रांजण मांडले, आणि जुन्या रांजणातली अर्धी नीळ घागरीघागरीनं वर वाहिली. शेजारचा झिंबाजी रंगारी कुंपणावरून बघे. वीस वर्षं त्यानं हैबतीची गिऱ्हाइकं पळवली होती.

"हैबतीदादा, वर वारा फार. कापडाबरोबर तुम्हीही उडाल."

"उडालो तर तुझ्याच अंगणात पडेन, झिंबा."

मग हैबतीनं तीन खड्डे खणले. एकात वाळू, एकात कोळसा, एकात पाणकणीस. टिटवीनं चोच बुडवली, चोच निळी झाली. त्यानं खड्डे आणखी खोल केले. पुन्हा चोच निळी. तिसऱ्या खेपेला ती पोटभर पाणी प्यायली. ते पाहून बाकीच्या रंगाऱ्यांनीही खड्डे खणले.

"आता तिसरी," टिटवी म्हणाली. "ज्याला द्यावंसं वाटत नाही, त्याला तुझ्या रांजणातलं घागरभर दे."

हैबती तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी घागर भरून त्यानं झिंबाजीच्या ओसरीवर ठेवली. झिंबाजी घागरीकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात पाऊस लागला. माळावर गार वारा सुटला आणि वरचे लहान रांजण एकेक करून निजले. फेस गेला, वास गेला. हैबती त्यांना गोणपाट गुंडाळत राहिला, पण ते उठले नाहीत. इकडे भर दुपारी पूर आला आणि अंगणातला जुना रांजण पाण्याखाली गेला. म्हातारा माळावरून बघत होता.

तेव्हा डोहातून जादूगार वर आला. त्याची दाढी पांढरी झाली होती. "पाणी निवळलं. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. शाप मागे घेतला," एवढं बोलून तो पुन्हा डोहात उतरला. नदी काठ सोडून आपल्या पात्रात गेली, आणि तेव्हापासून तिथंच आहे. राजानं दवंडी पिटवली, की टिटवी पिईल असं पाणी सोडील त्यानंच रंगाचं काम करावं.

राज्य सुखावलं. हैबती मात्र मेलेल्या रांजणांशी बसून राहिला. चार पिढ्या राखलेलं त्याच्या हातून गेलं होतं.

संध्याकाळी चिखलानं माखलेला झिंबाजी माळ चढून आला. त्याच्या पोटाशी घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते त्यानं हळूच खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादा, घरातलं दुसरं काही काढता आलं नाही. ही घागर तेवढी उचलली. झाकण सावकाश काढा, फेस आलाय."