तरसोंडीची उभी बैठक

तरसोंडीच्या शिवारातून एक लांब चर ओढ्याला जातो. त्याच्या काठावर जुनी चिंच आहे, पण चिंचेला पार नाही. कट्टा नाही, बाकडे नाही, बूड टेकायला धोंडाही नाही. जमिनीविषयी काही ठरवायचे तर सगळ्यांनी अनवाणी चरात उतरायचे आणि उभ्यानेच बोलायचे. असे का, ते गावचे म्हातारे गुरव धोंडीराम पाहुण्यांना सांगतात. अर्थात उभ्याने.

फार पूर्वी इथल्या देशमुखांनी ओढ्यावर बंधारा घातला म्हणे. पाणी आले, ऊस आला, गुऱ्हाळे लागली. पाण्याला यायची वाट होती, जायची नव्हती. ते मुरत राहिले आणि काही वर्षांनी काळ्या रानावर मीठ फुटले. पहिल्यांदा फुटले येसाईच्या रानात, कारण ते सगळ्यांत सखल. येसाई नवऱ्यामागे एकटीने रान कसणारी. तिच्या सासऱ्याने खडक फोडून ते केले होते आणि मरताना एवढेच बोलला होता, “पोरी, हे पडीक पडू देऊ नको.”

रानात मीठ दिसल्यापासून येसाईला स्वस्थता नव्हती. उजाडले की ती बांधावर. पांढरे काल कुठे होते, आज कुठवर आले, हे पाहत फिरायची. माती चाखून थुंकायची. जेवताना घास हातात धरून उठायची आणि पुन्हा रानाकडे जायची.

उपायांची काही टंचाई नव्हती. मठातल्या अनंतभटांचा जमिनीचा अभ्यास दांडगा. ते म्हणाले, मीठ पाण्यानेच धुतले जाते, मात्र धुतलेले पाणी बाहेर काढले पाहिजे. यातला पुढचा भाग सांगायच्या आत देशमुख पाणी सोडायचा हुकूम देऊन उठले होते. शेतकऱ्यांनी शेणखत टाकले, ताग गाडला. त्यांना पाण्याचा हुकूम कोणी कळवला नव्हता. खत वाहून गेले, मीठ दुप्पट झाले. तिघांचेही बरोबर होते, म्हणूनच कोणी माघार घेईना.

मग देशमुखांच्या सदरेवर बैठका सुरू झाल्या. पण बसायचे कसे? देशमुख गादीवर. भटजी म्हणत, विद्या चटईवर बसणार नाही. शेतकरी म्हणत, तुमचं गादीचं मिटलं की आम्हाला बोलवा. पान खाऊन बैठक उठे आणि मीठ आणखी एक बांध ओलांडे. शेवटी देशमुखांनी दवंडी दिली: दसऱ्याला गाव उठवून माळावर न्यायचे.

दवंडी ऐकली त्याच दिवशी येसाईने ओढ्याकाठच्या माळजाईदेवीपुढे नारळ फोडला आणि आपल्या चिखलात जाऊन उभी राहिली. “पाणी वाटेला लागेपर्यंत मी टेकणार न्हाई,” ती म्हणाली, “आन् बोलाय येईल त्यानंबी टेकायचं न्हाई.”

गाव बघायला लोटले. देशमुख घोड्यावरून आले. “बाई, सदरेवर या. बसून बोलू.”

“सदरेवर लई बसलात, सरकार. आता हितं उतरा.”

देशमुख उतरले. जोडा चिखलाने ठेवून घेतला. मागून सोवळे सावरत अनंतभट आले. भेगाळलेल्या टाचांत मीठ शिरले तसे दोघेही पाय बदलू लागले.

“फारच झोंबतंय हो!” भटजी कळवळले.

“रोपाला तर पाय उचलायची बी सोय न्हाई, भटजीबाबा.”

उभ्या माणसाचे बोलणे लांबत नाही. भटजींनी राहिलेला भाग सांगितला: खोल चर हवा. शेतकऱ्यांनी उतार दाखवला. देशमुख म्हणाले, खणा. पण उतार जात होता देशमुखांच्या आमराईतून, मठाच्या फुलबागेतून आणि शेवटी येसाईच्या रानाच्या ऐन पोटातून. ज्याला त्याला दुसऱ्याचीच जमीन सोयीची वाटू लागली.

येसाईने एकदा पायांखाली पाहिले. मग तिने कुदळ उचलली आणि पहिला घाव आपल्या रानात घातला. दुसऱ्या दिवशी आमराईत कुऱ्हाड चालली. मठाने कुंपण काढले.

शेवटचा बांध फुटला तेव्हा चरातून ताकासारखे पांढरे पाणी धावले आणि माळजाईच्या पायरीशी येताच नितळ झाले, असे सांगतात. पुढे गावभर जोंधळा डुलला. येसाईचे रान मात्र सगळे चरातच गेले, पेरायला काही उरले नव्हते. देशमुखांनी दुसरे रान देऊ केले. “आता तरी बसा, बाई,” ते म्हणाले.

“सासऱ्याचं रान पडीक न्हाई, सरकार. बारा म्हैनं कामावर हाय. त्येच्यावर नजर नको ठेवाय?” असे म्हणून ती कुदळ घेऊन काठाकाठाने निघून गेली. तिला टेकलेले कोणी पाहिले नाही म्हणे.

आजही चैत्रात तालुक्याचे साहेब, कृषी विद्यापीठातले माती तपासणारे आणि गावचे शेतकरी अनवाणी चरात उतरतात. एकच घमेले हातोहात देत गाळ काढतात आणि पुढच्या वर्षीचे पाणी, खत, पीक तिथेच ठरवतात. नव्याने बदलून आलेले साहेब हमखास खुर्ची मागतात.

“मागवतो की, साहेब,” धोंडीराम अदबीने म्हणतात. “पण पहिली येसाईची. ती बसली की तुम्ही बसा.”

साहेब काठाकडे पाहतात. मग या पायावरून त्या पायावर भार देत घमेल्यासाठी हात पुढे करतात.