थेंब लोंबला तळाला

गाड्यांना वाचा होती त्या काळची गोष्ट. तीन लाख किलोमीटर पळालेल्या एका जीपखाली तेल सांडू लागलं. थेंब लोंबायचा तळाच्या नटाला, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावरच.

"चोर आहे मेला, फेका त्याला!" तेल अडवायला इंजिनाच्या माथ्यावर बसवलेलं पॅकिंग ओरडलं. "मला वरून सगळं दिसतं."

नटालाही वाटू लागलं, आपणच झिजलो की काय?

यासीन मिस्त्रीने नटाला पाना लावला आणि तो थबकला. "थांबा रे, आधी सगळ्यांची तोंडं पुसू." त्याने इंजिन लख्ख पुसून सुरू केलं. नट कोरडाच राहिला. माथ्यावरून मात्र काळा ओघळ निघाला आणि घसरत थेट नटापाशी आला.

नवं पॅकिंग बसवायला मिस्त्रीने जुनं खरवडून काढलं. चुरा होतानाही ते म्हणतच होतं, "खालचा बघा हो, खालचा!"