अक्कानं विचारलं होतं

“शाळा तू सोडलीस, की शाळेनं तुला?”

“मीच सोडली, बाबा. नववीत,” शिवदास खडके म्हणाला. “मास्तर लेखक घडवत नाहीत, हे मला तेव्हाच उमगलं.”

हे वाक्य त्याच्या तोंडात पक्कं बसलं होतं. सत्कारात त्यावर हमखास टाळ्या पडत.

गावाबाहेर टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर दादामियाँ फकीर, सगळ्यांचे बाबा, गोधडीला ठिगळ लावत बसले होते. शिवदास म्हणजे तालुक्यातला नावाजलेला लेखक. आत्मचरित्राची पहिली प्रत त्यांच्या पायाशी ठेवायला तो आला होता. पुस्तकाचं नाव ‘बिनगुरूचा’.

“शाळा सोडलीस तेवढंच वाच,” बाबा म्हणाले.

शिवदासनं घसा खाकरून वाचलं. दप्तर खुंटीला अडकवून तो घराबाहेर पडला. बाप ओरडला, आई रडली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, सगळं त्याला ठाऊक होतं.

बाबांनी सुईत दोरा ओवला.

“घरात एवढीच माणसं?”

“थोरली बहीण होती. अक्का.”

“ती शिकली?”

“चौथीपर्यंत. मग आई रोजानं जाऊ लागली, अन्...”

“अन्?”

“मला शाळेत जाताना गरम भाकरी मिळायला हवी होती. म्हणून अक्काला घरी बसवलं.”

बाबा टाके घालत राहिले.

“तू दप्तर अडकवलंस तेव्हा कुठं होती ती?”

शिवदासनं उगाच पुढचं पान उलटलं. तिथं अक्काबद्दल काही नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

“चुलीपाशी,” शेवटी तो म्हणाला. “उठली. पिठाचे हात धुतले. खुंटीवरून दप्तर काढलं, वह्या-पुस्तकं नीट लावली... म्हणाली, ‘मग आता मी जाऊ का?’”

“मग?”

“सगळे हसले. रडता रडता आईसुद्धा. एवढी घोडी झालेली पोरगी, लग्न ठरत आलेलं...”

“तू?”

इतक्या वर्षांनी शिवदासला त्या घरातलं हसणं पुन्हा ऐकू आलं. त्यात सगळ्यांत मोठं त्याचंच होतं.

“मीपण,” तो म्हणाला.

पुस्तकात घरच्या बैलाचं नाव होतं. शाळेच्या शिपायाचं होतं. अक्काचं कुठंच नव्हतं. विसरला होता म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. लिहिताना ती आठवली होती. पण ती आली की मागं वळून न पाहणारा तो मुलगा लहान दिसू लागे.

त्यानं घाईनं खिशातलं पेन काढलं.

“नवं प्रकरण घालतो, बाबा. तिच्यावरच लिहितो. असं लिहितो, की लोक रडतील.”

बोलला, आणि आपलेच शब्द ऐकून त्याची मान खाली गेली.

बाबांनी पुढं होऊन त्याच्या हातातलं पेन अलगद घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या खिशात परत ठेवलं.

“मग करू तरी काय?” शिवदासनं विचारलं.

“आहे ती?”

“आहे. पलीकडच्या गावात. नातवंडं झाली तिला.”

बाबांनी दातानं दोरा तोडला.

“जा. तिला एवढंच सांग... अक्का, तू विचारलेलं आज ऐकू आलं.”