रानपिंगळ्याला घातलेली साद

"महाराज, यंत्रं ठणठणीत आहेत. मग पिंगळा बोलत का नाही?"

हृषीकेश गणोरकर मठाच्या ओट्यावर येऊन उभा राहिला होता. रानपिंगळा, म्हणजे जगात मोजकेच उरलेले, दिवसाउजेडी हिंडणारे ते लहानसे घुबड, मेळघाटच्या या कोपऱ्यातही आहे हे त्यानेच दाखवून दिले होते. झाडाझाडाला आवाज टिपणारी यंत्रे बांधून. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

आज मात्र चेहरा उतरला होता.

लहरगीर महाराज धुनीपाशी बसले होते. "पयले बोलत होता?"

"हो. पण आवाज पुसट यायचा. मला स्वच्छ हवा होता, म्हणून..."

"म्हनून?"

"मादीची हाक होती माझ्याकडे, दुसऱ्या रानातली. ती स्पीकरच्या डब्यातून वाजवली. नर लगेच आला. डब्याजवळ बसून ओरडला. असं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही, महाराज."

"मंग?"

"मग... तो डब्याभोवती शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी आपणहून आला. मी पुन्हा वाजवली."

"मादी हाय का इथं?"

"नाही. या बाजूला एकही नाही."

महाराज राख सारखी करत राहिले. "आन् आता?"

"आता सगळी यंत्रं ऐकून झाली. वारा आहे, सातभाई पाखरांचा कलकलाट आहे. तो नाही. आठवडे झाले..." आपण फार वाईट केले, हे हृषीकेशला इथे येण्याआधीच कळले होते. कुणीतरी नाही म्हणावे, एवढ्यासाठी तो टेकडी चढला होता.

महाराज नाही म्हणाले नाहीत. उठले आणि पंगतीच्या घंटेकडे गेले.

ती घंटा वाजली की खालच्या वस्तीतली माणसे हातातले काम टाकून, ताट-वाटी घेऊन टेकडी चढतात. अन्न शिजल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. आज तर चूलही पेटली नव्हती.

महाराजांनी दोर धरला.

हृषीकेशने धावत जाऊन त्यांचा हात आवरला. "नका, महाराज. म्हातारीकोतारी माणसं आशेनं येतील. त्यांना काय तोंड दाखवायचं?"

महाराजांनी दोर सोडला. ते समोरच्या रानाकडे वळले.

"ते लोक आले असते, तं त्यायची माफी तरी मागता आली असती."