मुक्या बाजारातला चेहरा

एकदा काय झालं, अगदी लहानपणीच वाळवंटापलीकडे शिकायला गेलेली कुंबा नावाची मुलगी आपल्या गावी परत आली. तिला वाटलं होतं, नदीकाठचा बाजार केवढा गजबजलेला असेल. पलीकडच्या तीरावरून सोनेवाले येतील, घासाघीस होईल, कुणी हसेल, कुणी भांडेल. जाऊन बघते तर काय, काठावर चिटपाखरू नाही. नुसत्या मिठाच्या लाद्या मांडलेल्या, आणि पाण्यावर धुकं.

ही गोष्ट आफ्रिकेतली, बरं का, फार जुनी. तिथं एक राज्य नुकतंच मोठं होत होतं. राजाच्या घोड्यांच्या गळ्यात सोन्याचे घुंगरू. पण सोनं त्या राज्यातलं नव्हतं. ते नदीपलीकडून यायचं, आणि कोण आणतं ते कुणीच पाहिलं नव्हतं.

रीत अशी होती. उत्तरेकडून उंटांचे तांडे मीठ आणायचे. घरोघरची माणसं आपापली लादी काठावर ठेवायची, नगारा वाजवायची आणि पाठ फिरवून निघायची. मागं वळायचं नाही. मग पलीकडचे येऊन प्रत्येक लादीशेजारी सोन्याची रेती ठेवून जायचे. भाव पटला तर सोनं उचलायचं, नगारा वाजवायचा, की ते मीठ न्यायचे. नाही पटला तर कशालाच हात लावायचा नाही, मग ते आणखी रेती ठेवायचे. कुणी कुणाला कधी फसवलं नाही. त्या सोन्याच्या बदल्यात तांडेवाले बाजरी द्यायचे, आणि गाव जेवायचं.

सगळ्यांच्या वतीनं तो नगारा वाजवायची कुंबाची न्येलेआत्या.

कुंबा म्हणाली, "आत्या, ज्यांच्यामुळे आपली चूल पेटते, त्यांचं तोंडही बघायचं नाही?"

"तोंड बघून काय करतेस? सोयरीक जमवायची आहे का?"

"माणसं आहेत ती. मला त्यांना भेटायचंय."

"माणसं आहेत, हे तुला कुणी सांगितलं?" असं म्हणून आत्या चालू लागली.

मग कुंबानं काय केलं? घरची लादी काठावर ठेवून निघताना एकदाच वळून पाहिलं. धुक्याशिवाय काही दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लादीपाशी सोनं, आणि तिच्या लादीपाशी नुसती ओली पावलं. सगळी येणारी. परत जाणारं एकही नाही.

तरी ती ऐकेना. पुढच्या बाजाराला ती गोरखचिंचेच्या ढोलीत लपून बसली. हत्तीएवढा बुंधा असतो त्या झाडाचा. मग धुकं आलं, वाऱ्याच्या उलट आलं. बुंध्यापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. आणि धुक्यातून तिचाच आवाज आला, "माणसं आहेत ती." तिनं डोळे गच्च मिटले. मग एक गार, ओलं बोट तिच्या पापण्यांवरून हळूच फिरलं.

धुकं सरलं. सोनं कुठंच नव्हतं. प्रत्येक लादीशेजारी नदीच्या चिखलाचा एकेक चेहरा होता. नाक होतं, ओठ होते. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं.

आत्या हलकेच म्हणाली, "त्यांनी भाव सांगितलाय. तुला त्यांचे चेहरे हवेत, त्यांना तुझे डोळे. हात लावू नकोस. चल घरी."

मग बाजार थांबला तो थांबलाच. सोनं नाही, म्हणून तांडेवाल्यांनी बाजरीची पोती उतरवलीच नाहीत. कणग्या रिकाम्या झाल्या. पोरं पाणी पिऊन झोपायची. कुंबा काठावर जाऊन बसायची. ती विचार करत राहिली. या बाजारात जो तो आधी आपलं मांडतो. रिकाम्या हातानं घ्यायला गेले ती मीच.

मग ती चिखल घेऊन बसली. तिनं स्वतःचा चेहरा घडवला. भुवईवरचा व्रणसुद्धा सोडला नाही, आणि डोळे उघडे ठेवले. तो आपल्या लादीवर ठेवला. आत्यानं नगारा वाजवला, आणि दोघी निघाल्या. धुकं टाचांना लागत होतं. तेवढ्यात मागून हाक आली, "कुंबू." असं तिला फक्त तिची आई म्हणायची, आणि आई तर केव्हाच गेली होती. कुंबाच्या डोळ्यांतून पाणी गळलं, पण मान वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक लादीपाशी सोनं होतं. कुंबाच्या चेहऱ्याशेजारी मोठ्या हिरव्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. चेहऱ्याएवढं. हात लावला तर उबदार. पान मंद वरखाली होत होतं.

आत्या म्हणाली, "सोड गाठ. मोल दिलंस तू. आता ते तुझं."

कुंबाची बोटं गाठीवर गेली. गाठ त्यांनी मारली होती, आतलं झाकून राहावं म्हणून. तिनं बोटं मागं घेतली. पान तसंच छातीशी धरलं आणि आत्यापुढे हात पसरला.

"आत्या, टिपरू दे. आजपासून नगारा मी वाजवणार."

आणि तिनं तो वाजवला.

मग बाजरी आली, पलीकडे मीठ पोचलं, दोन्ही तीरांवरच्या चुली पेटल्या. ते पान म्हणे अजून सुकलेलं नाही. चला, पोटं भरली आहेत ना तुमची? मग कुशीवर वळा आणि मिटा डोळे. खिडकीकडे बघू नका हं. बाहेर धुकं उतरलंय.